खनिज संग्रहालयाची अभ्यासभेट आणि हाताळणी कार्यशाळा: शिक्षकांसाठी सविस्तर नियोजन

खनिज संग्रहालयातून बाहेर पडलेल्या मुलाला रस्त्याकडेची खडी ओळखता आली पाहिजे. भेट जमली की नाही, याची आमच्या मते हीच खरी कसोटी. बहुतेक सहलींत उलटे होते. चाळीस मुले एका रांगेत सगळ्या दालनांतून फिरतात, जांभळा ॲमेथिस्ट दिसला की गर्दी होते, तासाभरात सगळे बसमध्ये येतात आणि आठवणीत राहतो तो फक्त चकचकाट. महाराष्ट्रात ही फार मोठी गमावलेली संधी आहे, कारण इथल्या संग्रहालयांत मांडलेले उत्तमोत्तम नमुने आपल्याच विहिरींतून, खाणींतून आणि रस्त्याच्या खोदकामांतून निघालेले असतात.

हा लेख सहावी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतात, त्यामुळे तिथून सुरुवात सोपी जाते. उदाहरणासाठी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय धरले आहे. नाशिकहून साधारण ३० किलोमीटरवर, माळेगाव औद्योगिक वसाहतीत असलेले हे संग्रहालय दख्खनच्या झिओलाइट खनिजांसाठी, म्हणजे लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत वाढलेल्या स्फटिकांसाठी, ओळखले जाते. पण खालची पद्धत भूशास्त्र विभाग असलेल्या एखाद्या महाविद्यालयाच्या छोट्या संग्रहालाही तशीच लागू पडते.

आधी फोन, मग तारीख

तारीख ठरवून मग संग्रहालयाला कळवण्याची सवय सोडा. किमान तीन आठवडे आधी फोन करा आणि या गोष्टी स्पष्ट विचारून लिहून घ्या:

- एका वेळी दालनात किती मुले सोडतात?
- माहिती सांगणारी व्यक्ती मराठीत बोलेल का? किती वेळ?
- हात लावता येतील असे नमुने त्यांच्याकडे आहेत का, की आपले आणावे लागतील?
- कार्यशाळेसाठी टेबले असलेली खोली आणि जवळ पाण्याचा नळ मिळेल का?
- व्हिनेगर किंवा सौम्य आम्ल वापरायला परवानगी आहे का?
- छायाचित्रे, फ्लॅश, मोबाइलची टॉर्च यांचे नियम काय?
- डबा खायला जागा, स्वच्छतागृहे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार किंवा लिफ्ट?

खोली किंवा आम्लाची परवानगी नसेल तर नाराज होऊ नका. भेट एका दिवशी आणि कार्यशाळा दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत घ्या. उलट काही प्रयोग शाळेतच चांगले होतात, त्याचे कारण पुढे येईल.

पालकांचे संमतिपत्र, शिक्षण विभागाची परवानगी, प्रथमोपचार पेटी हे नेहमीचेच. एसटीची गाडी घ्यायची तर शालेय सहलीच्या सवलतीसाठी लागणारी कागदपत्रे आगारात आधी विचारून घ्या. दर दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती हवी. कार्यशाळेच्या खोलीत तर हे प्रमाण ढळता कामा नये.

एक आठवडा आधी: प्रत्येकाने एक दगड

तयारीचा हा भाग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा. प्रत्येक मुलाने घराच्या, शेताच्या किंवा शाळेच्या वाटेवरचा, मुठीएवढा एक दगड आणायचा. किल्ला, लेणी, मंदिर इथून काहीही उचलायचे नाही, आणि दगडाच्या खाणीत तर पाऊलही टाकायचे नाही. तिथे सुरुंग लागतात आणि सुटलेले कडे कधी कोसळतील सांगता येत नाही. दगड ब्रशने धुऊन, वाळवून, त्यावर व्हाइटनरचा छोटा ठिपका द्या आणि ठिपका वाळला की त्यावर पेनाने क्रमांक घाला. वहीत क्रमांक, गाव, नेमकी जागा आणि तारीख लिहा. ‘शेतातून’ एवढे पुरत नाही. ‘विहिरीच्या काठावर टाकलेल्या मातीतून’ हे चालते, कारण तो दगड खालून आला आहे हे त्यातून कळते.

चाळीस दगड टेबलावर मांडले की वर्गीकरण मुलांनाच करू द्या. पठारावरच्या बहुतेक गावांत साधारण हे ढीग होतील: घट्ट काळा दगड, बारीक छिद्रांचा जाळीदार दगड, छिद्रांत पांढरे काही भरलेला दगड, हाताने चुरा होणारा मुरूम, आणि शेवटी विटेचे, काँक्रीटचे, फरशीचे, डांबराचे तुकडे. हे शेवटचे तुकडे हमखास येतात. ते फेकून देऊ नका, आणणाऱ्याला हसूही नका. काँक्रीटच्या तुकड्यात बेसाल्टची खडी आणि वाळू वेगवेगळी दाखवता येते, आणि माणसाने बनवलेला ‘दगड’ निसर्गाच्या दगडापासून कसा ओळखायचा हा उत्तम पहिला धडा आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या शाळेत ढीग वेगळे पडतील: जांभा, त्यातले लोहाचे गोटे, समुद्रकाठचे गुळगुळीत तुकडे.

तिसरा ढीग, म्हणजे पांढरे ठिपके भरलेला दगड, जपून ठेवा. संग्रहालयात जे भव्य रूपात दिसणार आहे त्याची ही घरगुती आवृत्ती आहे.

दहा मिनिटांत सांगायची पार्श्वभूमी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. मुंबईहून कसारा घाटातून किंवा पुण्याहून चंदनापुरी घाटातून सिन्नरकडे जाताना डोंगरांच्या या पायऱ्या बसच्या खिडकीतून दाखवा. रस्ता कापलेल्या ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसला, तर एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये काळ गेला होता, हे तो पट्टा सांगतो.

लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर सरकतो आणि थराच्या माथ्याकडे बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. मधला भाग घट्ट होतो. जाळीदार दगड आणि घट्ट दगड हे दोन ढीग एकाच थराचे असू शकतात, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. पुढे या पोकळ्यांतून गरम, खनिजे विरघळलेले पाणी फिरले आणि भिंतींवर हळूहळू स्फटिक वाढले: गारगोटी, कॅल्साइट, ॲपोफिलाइट, आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी झिओलाइटे. एवढे पुरे. सगळ्या खनिजांची यादी पाठ करून घेण्याचा मोह टाळा.

दालनात: चार कामे, तीस प्रश्न नव्हेत

चाळीस मुलांच्या दोन तुकड्या करा. एक तुकडी दालनात, दुसरी कार्यशाळेत. पन्नास मिनिटांनी अदलाबदल. मध्ये पंधरा मिनिटे पाणी, स्वच्छतागृह, हात धुणे. सुरुवातीची ओळख आणि शेवटची आवराआवर धरून अडीच तास लागतात. दोन तासांत बसवायला गेलात तर कापला जातो तो नेहमी हाताळणीचाच वेळ.

दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर. आत फक्त पॅड, कोरा कागद, शिसपेन्सिल. लांबलचक प्रश्नपत्रिका दिली की मुले नमुना न बघता पाटीवरची नावे उतरवत सुटतात. त्याऐवजी ही चार कामे द्या:

१. एकच नमुना निवडून त्याच्यासमोर पूर्ण दहा मिनिटे बसा आणि चित्र काढा. स्फटिकांच्या कडा, कोन, एकावर एक आलेले थर दाखवा. रंग न भरता. पहिल्या तीन मिनिटांनंतर मुले कंटाळतात, पाचव्या मिनिटानंतर मात्र त्यांना नवीन गोष्टी दिसू लागतात. म्हणून वेळ कमी करू नका.

२. एकच खनिज तीन वेगळ्या रूपांत शोधा. कॅल्साइट याला उत्तम. कधी टोकदार, कधी ठोकळ्यासारखा, कधी पातळ पत्र्यांचा. रंग आणि आकार यांवर एकदम विश्वास ठेवू नये, हे इथे पटते.

३. पाटीवर आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्याचे नाव असलेला नमुना शोधा. नाशिक, जळगाव, पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर ही नावे झिओलाइटांच्या पाट्यांवर वारंवार भेटतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हन्साइट मांडलेले असेल तर ते चुकवू नका.

४. कशाच्या आत काय, ते सांगा: बाहेर कोणता खडक, आत कोणते खनिज, त्यावर आणखी कोणते बसले आहे? जे बाहेरच्या भिंतीला चिकटले ते आधीचे, जे त्याच्यावर बसले ते नंतरचे. क्रम लावणे हे खरे भूशास्त्र आहे, आणि सातवीतले मूल ते काचेबाहेरून करू शकते.

ओकेनाइटचा पांढरा, कापसाच्या बोंडासारखा गोळा पाहिला की प्रत्येकाचा हात पुढे जातो. तो कापूस नाही, केसासारख्या बारीक स्फटिकांचा पुंजका आहे. एकदा बोट लागले की तंतू दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. हे आधीच सांगा. नुसते ‘हात लावू नका’ म्हणण्यापेक्षा कारण कळले की मुले जास्त पाळतात. अतिनील दिव्याची खोली असेल तर दिव्याकडे थेट पाहू द्यायचे नाही.

कार्यशाळा १: पाच कसोट्यांनी खनिज ओळखणे

ही मुख्य कार्यशाळा. पाच मुलांचा एक गट, वीस मुलांचे चार गट. दर गटाला एक ट्रे:

- क्रमांक घातलेले पाच नमुने, लिंबापेक्षा लहान नकोत
- १० पट दाखवणारे भिंग, दोन नग
- दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक
- भिंतीच्या पांढऱ्या टाइलचा तुकडा, मागची बाजू वर
- लोखंडी खिळा, ३ इंची
- ८ मिलिमीटर जाडीची काचेची पट्टी, कडा घासून घेतलेली
- ड्रॉपरच्या बाटलीत पांढरे व्हिनेगर, ३० मिलिलिटर
- जुना टॉवेल, ओले फडके, कोरडे फडके

नमुन्यांची निवड नीट करा. गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट हा पाचांचा संच चांगला. मोठ्या वर्गाला स्टिल्बाइटऐवजी ॲपोफिलाइट द्या. संगजिरे, जिप्सम आणि अभ्रक टेबलावर तुलनेसाठी असू द्यात. पन्नास मिनिटांत पाचच्या वर नमुने होत नाहीत. आठ ठेवले की शेवटचे तीन अंदाजाने भरले जातात. तंतुमय ॲस्बेस्टॉसची खनिजे, शिशाचे गॅलेना आणि आर्सेनिकयुक्त मनशीळ व हरताळ ट्रेमध्ये नकोतच. झिओलाइटांचे तुकडे विक्रेत्यांकडून किंवा महाविद्यालयाकडून तुटके मागा. सुंदर, अखंड गुच्छ या कामासाठी वापरणे हा त्या नमुन्यावर अन्याय आहे.

ट्रेखाली टॉवेल पसरा. नमुना दोन्ही हातांनी, टॉवेलच्या वरच, वीतभर उंचीपर्यंतच उचलायचा. या हातातून त्या हातात द्यायचा नाही, ट्रेमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. पडण्याचे निम्म्याहून अधिक प्रसंग हस्तांतरातच होतात.

कसोट्यांचा क्रम बदलू नका: भिंग, चुंबक, कस, कठिनता, आणि आम्ल सगळ्यात शेवटी. आम्लाचा थेंब आधी पडला तर ओल्या पृष्ठभागावर कस नीट उठत नाही आणि चमकही कळत नाही.

*भिंग.* मुले भिंग दगडाजवळ धरून वरून वाकतात आणि काही दिसत नाही म्हणतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे, तो हात गालाला टेकवून स्थिर करायचा आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर एकदम स्पष्ट होते. ही युक्ती जमली का ते प्रत्येकाकडून करून घ्या, पाच मिनिटे गेली तरी चालतील. मग विचारा: फुटलेला पृष्ठभाग सपाट, आरशासारखा आहे की शिंपल्यासारखा वळणदार? सपाट फुटतो त्याला पाटन म्हणतात. कॅल्साइटला तीन दिशांनी उत्तम पाटन असते म्हणून त्याचे तिरके ठोकळे पडतात. गारगोटीला ते नसते, तिचे भंजन शिंपल्यासारखे.

*चुंबक.* दोऱ्याला लटकवलेला चुंबक दगडाजवळ न्या आणि तो कलतो का पाहा. मॅग्नेटाइटकडे तो झेपावतो. बेसाल्टमध्येही बारीक मॅग्नेटाइट असते, त्यामुळे घट्ट काळ्या दगडाजवळ दोरा हलकासा कलू शकतो. ही चूक नव्हे, निरीक्षण आहे. वहीत लिहून घ्या.

*कस.* खनिज टाइलवर दाबून एक सेंटिमीटर ओढायचे आणि उठलेल्या रेघेचा रंग पाहायचा. टाइलची मागची बाजू चकाकी नसलेली आणि पांढरी हवी. लाल मातीची टाइल आणली तर सगळेच कस तांबूस दिसतात आणि कार्यशाळा तिथेच बिघडते. म्हणून दुकानात टाइल उलटी करून बघून घ्या. पोलादासारखा करडा, चकाकणारा हेमॅटाइट टाइलवर ओढला की रेघ गेरूसारखी तांबडी उठते, आणि त्या क्षणी टेबलाभोवती एकदम शांतता होते. मॅग्नेटाइटची रेघ काळी. पांढऱ्या आणि पारदर्शक खनिजांचा कस पांढराच येतो, त्याचा ओळखायला फार उपयोग नाही, हे आधी सांगून टाका. गारगोटी टाइलपेक्षा कठीण असल्यामुळे ती रेघ न उठवता टाइललाच ओरखडते, आणि जी पांढरी भुकटी दिसते ती टाइलची असते.

*कठिनता.* फ्रीडरिख मोझ यांनी १८१२ साली मांडलेली दहा पायऱ्यांची श्रेणी फळ्यावर लिहा: संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, गारगोटी ७, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. आपल्या हातात तीन मोजमापे: नख सुमारे २.५, लोखंडी खिळा सुमारे ४.५, काच सुमारे ५.५. परदेशी पुस्तकांत तांब्याचे नाणे सांगितलेले असते. आपली आजची बहुतेक नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, ती इथे चालत नाहीत. तांब्याची तारही टाळा. तिची आणि कॅल्साइटची कठिनता जवळजवळ सारखी, त्यामुळे निकाल कधी असा, कधी तसा लागतो.

काच टेबलावर सपाट ठेवूनच वापरायची, हातात धरायची नाही. नमुन्याच्या टोकाने काचेवर एक सेंटिमीटर रेघ ओढा, मग ओल्या बोटाने पुसा. रेघ पुसली गेली तर ती खनिजाचीच भुकटी होती. नखाने चाचपून खाच लागली तरच खरा ओरखडा. ही पुसायची पायरी गाळली की वर्गातल्या निम्म्या मुलांना कॅल्साइट काचेपेक्षा कठीण ‘सापडतो’. दुसरी चूक हवेने खाल्लेल्या बाजूवर खिळा ओढण्याची: तिथे सगळेच मऊ लागते, ताजा फुटलेला पृष्ठभाग घ्या. तिसरी चूक बेसाल्टच्या तुकड्याची कठिनता मोजण्याची. बेसाल्ट हा खडक आहे, अनेक खनिजांचा समूह. एक आकडा त्याला लागू होत नाही. जांभ्याचेही तेच.

*आम्ल.* व्हिनेगर मंद असते. कॅल्साइटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थेंब टाकून काही झाले नाही म्हणून मुले पुढे जातात. खिळ्याने थोडी भुकटी पाडा, तिच्यावर थेंब टाका, भिंगातून अर्धा मिनिट पाहा. बारीक बुडबुड्यांच्या माळा दिसतील. ठळक फेस दाखवायचा असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकाने, गॉगल आणि हातमोजे घालून, एकाच टेबलावर दाखवावे. ते शाळेच्या प्रयोगशाळेत आधी तयार करा: ९ भाग पाण्यात १ भाग तीव्र आम्ल, हळूहळू. आम्लात पाणी कधीही ओतू नये. मुलांच्या हाती ही बाटली द्यायची नाही. शेवटी थेंब पाण्याने धुऊन नमुना पुसा, नाहीतर पुढच्या तुकडीला डागाळलेला नमुना मिळतो.

आता खरा गोंधळ. पोकळीतून निघालेले पांढरे, चमकदार खनिज नेमके कोणते? इथे मुले पाचही कसोट्या एकत्र वापरायला शिकतात:

काचेवर खोल ओरखडा उठला तर गारगोटी. ओरखडा नाही, पण व्हिनेगरमध्ये बुडबुडे, तर कॅल्साइट. ओरखडा नाही आणि बुडबुडेही नाहीत, तर झिओलाइट किंवा ॲपोफिलाइट. त्यात गव्हाच्या पेंढीसारखा, मध्ये आवळलेला आणि टोकांना फुललेला जुडगा असेल तर स्टिल्बाइट. चौकोनी खांब, टोकाला पिरॅमिड, आणि पाटनाच्या सपाट तोंडावर मोत्यासारखी झळाळी असेल तर ॲपोफिलाइट. सुयांचा पंखा असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचा भाऊबंद. त्यापुढे ओळख पटवायला प्रयोगशाळा लागते, असे मुलांना मोकळेपणाने सांगा. ॲपोफिलाइट झिओलाइटांसोबत सापडते, पण झिओलाइट नाही, हेही.

एक सापळा: बेसाल्टच्या तुकड्यावर थेंब टाकला आणि फेस आला तर बेसाल्ट फसफसतो असे लिहू नका. ठिपक्यातला कॅल्साइट फसफसतो. जुन्या बांधकामाचा तुकडा असेल तर त्यावरचा चुनाही फसफसतो. थेंब नेमका कुठे पडला ते भिंगातून बघायचे. घरची पांढरी रांगोळीही तपासायला सांगा. चमचाभर रांगोळीवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर ती कॅल्साइटची किंवा संगमरवराची भुकटी.

कार्यशाळा २: दगडाचे विशिष्ट गुरुत्व

विशिष्ट गुरुत्व म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १ ग्रॅम अचूकतेचा, पुरतो. कोरडा दगड तोलून आकडा लिहा. मग अर्धे पाणी भरलेले प्लास्टिकचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल असा पाण्यात लटकवा; भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर दगडाचे आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ३४८ ग्रॅमच्या घट्ट काळ्या दगडाला काट्याने १२० दाखवले तर उत्तर २.९, आणि बेसाल्ट म्हणून ते बरोबर आहे. गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७१, स्टिल्बाइट साधारण २.२, मॅग्नेटाइट सुमारे ५.२.

दगड १५० ग्रॅमपेक्षा हलका घेऊ नका. वीस ग्रॅमच्या तुकड्याचे आकारमान सात-आठ मिलिलिटर. काटा एका ग्रॅमने चुकला तरी उत्तर फार बिघडते. जाळीदार दगड पाण्यात सोडला की बुडबुडे येत राहतात आणि आकडा सरकत जातो. तो प्रयोग चुकला म्हणून सोडून देऊ नका. दोन मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी आकडा लिहा. फरक म्हणजे पोकळ्यांत शिरलेले पाणी. विहिरीला पाणी कोणत्या थरात लागते, याची चर्चा इथून आपोआप सुरू होते.

कार्यशाळा ३: तुरटीचे स्फटिक, शाळेतच

हळू थंड झाले की स्फटिक मोठे, झटकन थंड झाले की बारीक. हे डोळ्यांनी दाखवायला किराणा दुकानातली तुरटी बास. २०० मिलिलिटर गरम पाण्यात (उकळते नको, हात भाजणार नाही पण चटका बसेल इतके) ६० ग्रॅम कुटलेली तुरटी पूर्ण विरघळवा. स्वच्छ सुती रुमालातून गाळा. कचरा राहिला तर त्याच्याभोवती शेकडो बारीक कण जमतात. द्रावण दोन काचेच्या पेल्यांत सारखे वाटा. एक पेला बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा: वीस मिनिटांत तळाला साखरेसारखी भुकटी. दुसरा टॉवेलात गुंडाळून, झाकून, न हलवता ठेवा: दुसऱ्या दिवशी आठ तोंडांचे टपोरे स्फटिक.

‘न हलवता’ हे महत्त्वाचे. संग्रहालयात करून बसमधून नेला की घाटातल्या धक्क्यांनी पेल्यात भुकटीच उरते. म्हणून हा प्रयोग शाळेतच करा, भेटीच्या आदल्या दिवशी, म्हणजे परत आल्यावर दुसरा पेला उघडता येतो.

नववी-दहावीसाठी शिक्षकाने एक प्रात्यक्षिक जरूर दाखवावे. कोरड्या, जाड काचेच्या परीक्षानळीत हरभऱ्याएवढा स्टिल्बाइट टाकून, नळीचे तोंड किंचित खाली झुकवून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. मिनिटभरात नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. दगडातून पाणी! स्टिल्बाइटच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा पाणीच असते. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने तापवल्यावर फसफसणाऱ्या अशा खनिजाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले, तेच झिओलाइट. नळीचे तोंड वर ठेवले तर थेंब ओघळून तापलेल्या काचेवर पडतो आणि नळी तडकते. गॉगल घाला, मुलांना दोन मीटर दूर ठेवा.

ज्यांना दिसत नाही, ज्यांना लवकर थकवा येतो

दृष्टिहीन मुलांसाठी ही कार्यशाळा विशेष चांगली आहे, फक्त ट्रे वेगळा हवा. प्युमिस आणि घट्ट बेसाल्ट (वजनातला फरक), संगमरवर आणि लाकूड (गारवा), अभ्रकाची पाने, संगजिऱ्याचा साबणासारखा स्पर्श, गारगोटीचे खांब, जाळीदार दगड. बोटाने कोन मोजायला पुठ्ठ्याचे १२० आणि ९० अंशांचे तुकडे द्या. गर्दी आणि चकाकी सहन न होणाऱ्या मुलासाठी दालनातली एक शांत पेटी आधीच ठरवून ठेवा.

परतीच्या वाटेवर आणि वर्गात

सिन्नरला गेलात तर गोंदेश्वराचे मंदिर वगळू नका. काळ्या दगडातले हे पंचायतन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे; खिळा, आम्ल, चुंबक सगळे बसमध्येच ठेवा. भिंग आणि डोळे पुरेत. कोणत्या दगडावर नक्षी बारीक आणि टोकदार राहिली आहे, कुठे ती झिजली, कुठे पोकळ्या दिसतात, एवढे तीन प्रश्न द्या. पाटा-वरवंटा आणि जाते ज्या दगडाचे, त्याच जातीच्या दगडावर कारागिराने काय केले ते समोर उभे असते.

दुसऱ्या दिवशी आठवडाभरापूर्वीचे चाळीस दगड पुन्हा बाहेर काढा. प्रत्येकाने आपला दगड पाच कसोट्यांतून नेऊन चिठ्ठी लिहायची: क्रमांक, जागा, काय पाहिले, काय ठरवले, आणि कशावरून. ‘कशावरून’ ही ओळ रिकामी असेल तर चिठ्ठी परत द्या. ‘काळा आहे म्हणून बेसाल्ट’ हे उत्तर पुरेसे नाही. कोळसा आणि डांबरही काळेच. नेमके ठरवता आले नाही तर ‘कॅल्साइट नाही, गारगोटी नाही’ एवढेही पूर्ण गुणांचे उत्तर समजा.

ट्रे पुढच्या वर्षासाठी ठेवताना नमुने धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा आणि प्रत्येकाला वेगळी, कागदी अस्तराची डबी द्या. एकत्र पिशवीत टाकले तर गारगोटी बाकी सगळ्यांना ओरखडते. व्हिनेगरच्या बाटल्या रिकाम्या करा. टाइल ओल्या वाळूने घासली की कस निघून जातात. चुंबक मॅग्नेटाइटच्या डबीत ठेवू नका, त्याच्यावर चिकटलेली काळी भुकटी काढता काढता नाकी नऊ येतात.